एक टेबल, दोन खुर्च्या

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक पिशवी खाली आली. आत पक्षाची चार उपरणी, दोन झेंडे, बिल्ल्यांची डबी आणि २०१९ च्या मतदार यादीची झेरॉक्स. यादी फोडताना आमची खुणेची पद्धत ठरलेली असायची. टिक म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा, प्रश्नचिन्ह म्हणजे रात्री जेवणानंतर गाठायचा. पान उलटता उलटता अण्णाचं नाव दिसलं. त्याच्यापुढे मी स्वतःच्या हातानं पेन दाबून मारलेली फुली. अण्णा माझा सख्खा चुलतभाऊ. ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्रेतल्या कुस्त्या बघितल्या, तो.

पक्षाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर खाली कमेंटमध्ये तेवढ्यावरच भांडण होईल आणि मला म्हणायचंय ते बाजूला राहील. पश्चिम महाराष्ट्रातलं गाव आहे, एवढं पुरे. सोळा वर्षं मी या पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. सभेला टेम्पो भरून माणसं नेली. डिझेल कधी वरून आलं, बहुतेक वेळा खिशातून गेलं. बायको म्हणायची, एवढा वेळ दूध डेअरीला दिला असता तर आज चेअरमन झाला असता. मला वाटायचं हिला विचारधारा काय कळणार!

२०१९ ला अण्णा आणि मी समोरासमोर होतो. त्याच्या नेत्यावर मी गावच्या ग्रुपवर एक घाणेरडं मीम टाकलं, त्यानं पारावर सगळ्यांदेखत माझी आई-बहीण काढली. त्याची आई म्हणजे माझी चुलती, ती त्याच हिवाळ्यात गेली. तेराव्याला मी वेगळ्या पंगतीत बसलो. आमची विहीर सामाईक आहे, मोटारीची पाळी तीन-तीन दिवसांची. शेतीची लाईट कधी रात्री एकला येते, कधी तीनला, आणि जो जागा असेल तो दुसऱ्याला हाक मारतो ही आमच्या बापजाद्यांपासूनची रीत. ‘लाईट आली रं!’ एवढंच. त्या निवडणुकीनंतर ती हाक बंद झाली. दोनदा माझी पाळी कोरडी गेली, ऊस वाळला, पण मी काही बोललो नाही. निष्ठा होती ना.

तिकडे वर काय चाललं होतं? २४ ऑक्टोबरला निकाल लागला. युती म्हणून मतं मागितलेल्या भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा मिळाल्या, आणि महिनाभर सरकारच होईना. २३ नोव्हेंबरला तो पहाटेचा शपथविधी, तीन दिवसांत राजीनामा, २८ ला शिवाजी पार्कवर दुसरा शपथविधी. जून २०२२ ला सुरत, गुवाहाटी, झाडी, डोंगार, हाटील. २ जुलै २०२३ ला पुन्हा राजभवन. एकाच विधानसभेत एकाच नेत्यानं उपमुख्यमंत्रिपदाची शपथ तीनदा घेतली. पाच वर्षांत चारही मोठे पक्ष सत्तेत बसून आले आणि चारही विरोधी बाकांवर जाऊन आले. म्हणजे महाराष्ट्रात ज्यानं ज्याला म्हणून मत दिलं, त्याला कधी ना कधी फसल्यासारखं वाटलंच.

मी वडिलांजवळ चरफडलो, तर ते तंबाखू मळता मळता म्हणाले, ‘आम्ही ७८ ला वसंतदादांचं सरकार पडताना बघितलंय. आम्हालाबी तवा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.’ पुढं काही नाही. तंबाखू तोंडात टाकून गोठ्याकडं गेले.

मग आली २०२४ ची विधानसभा. ज्याच्या विरोधात मी यादीवर फुल्या मारल्या होत्या, तोच उमेदवार आता आमच्या युतीचा. बैठकीत तालुक्याचे पदाधिकारी म्हणाले, युतीधर्म पाळायचा. मी विचारलं, पाच वर्षांपूर्वी यांच्या भ्रष्टाचाराची पत्रकं आपणच वाटली, ती खोटी होती का? उत्तर आलं, ‘तो विषय आता नको.’ मागच्या रांगेतलं एक पोरगं फिसकन हसलं. मीही हसायला हवं होतं. मी घरोघरी पत्रकं वाटत फिरलो. सवय वाईट असते.

२० नोव्हेंबरला सकाळी सहाला शाळेपासून दोनशे मीटरवर चिंचेखाली आमचं टेबल लागलं. नियमाप्रमाणे उमेदवाराला एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर मी बसलो. दुसरीवर बसायला कोण आलं? अण्णा. तो पाच वर्षं त्याच उमेदवाराबरोबर होता, त्याच्या बाजूनं काहीच बदललेलं नव्हतं. बदललो होतो आम्ही, तेही आम्हाला न विचारता. तासभर आम्ही चिठ्ठ्या शोधून देत राहिलो. ‘यादी भाग?’ ‘अनुक्रमांक?’ एवढंच बोलणं. आठच्या सुमारास वरच्या आळीतली एक म्हातारी आली, चिठ्ठी घेतली, चष्म्यातून आम्हा दोघांकडं बघितलं आणि म्हणाली, ‘एका टेबलावर बसायचं हुतं, तर मागल्या टायमाला टाळकी कशापायी फोडत हुतासा?’

अण्णानं दोन चहा सांगितले.

तिथं बसल्या बसल्या मला पहिल्यांदा कळलं की त्यांची भांडणं खोटी होती आणि आमची खरी. ते विधानभवनाच्या लॉबीत एकमेकांना टाळ्या देत होते तेव्हा आम्ही भावाच्या आईच्या तेराव्याला पाठ फिरवून जेवत होतो. नेत्यांनी पक्ष बदलले याचा राग आता फार येत नाही. धंदा आहे त्यांचा. राग येतो त्या फुलीचा, आणि ती कुणी माझ्या हाताला धरून मारायला लावली नव्हती.

पक्षांतरबंदीचा कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. १९६७ ला हरियाणात गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा बाजू बदलली, तिथून ‘आयाराम गयाराम’ आलं. त्यावर इलाज म्हणून १९८५ ला राज्यघटनेत दहावी अनुसूची आली, तोच हा कायदा. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तर ‘फूट’ मान्य होती, २००३ ला ती पळवाट बुजवली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची ठेवली. म्हणजे एकट्यानं पळालात तर गुन्हा, टोळीनं पळालात तर विलीनीकरण. आणि निवाडा करणार कोण, तर विधानसभेचे अध्यक्ष, जे स्वतः पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. आपल्याकडं दोन पक्ष फुटले, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत अध्यक्षांचे निकाल आले. अपात्र किती ठरले? एकही नाही. या बाजूचा नाही, त्या बाजूचाही नाही.

आणि आम्ही? पुढारी दर भाषणात म्हणतात, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका म्हणजे कार्यकर्त्यांच्या निवडणुका. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली. तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठं हालचाल झाली. त्या काळात पाणंद रस्त्यासाठी मी कुणाकडं जायचं? सदस्य नाही, सभापती नाही, साहेब मीटिंगला गेलेत. यावर कुठल्याच पक्षानं रान उठवल्याचं मला आठवत नाही. खोके, गद्दार, नकली-असली यातच सगळ्यांचा घसा बसला.

‘सगळे सारखेच, मतच नको’ हे मात्र मला पटत नाही. नोटाचंही तसंच. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून जास्त मतं, तरी काय झालं? विधानसभेला तो पहिला आला असता तरी जास्त मतांचा उमेदवारच आमदार झाला असता. मी मत देणार. ग्रामसभेला जाणार, जमाखर्च मागणार. गेल्या वेळी मागितला तर ग्रामसेवक घड्याळ बघायला लागले, अण्णा मागून म्हणाला, ‘वाचा की, आम्हाला घाई नाही.’ उपरणं मात्र आता नाही. बायकोनं त्यातली दोन फरशी पुसायला घेतली होती. कापड पॉलिस्टरचं, पाणीच धरत नाही, म्हणून फेकून दिली.

परवा पक्षाचं एक पोरगं आलं, बावीस-तेवीसचं, हातात नवीन यादी. म्हणालं, काका, तुमच्याशिवाय बूथ कोण सांभाळणार, जुनी माणसं पाहिजेत. चहा दिला. यादी घेऊन बघितली, आमच्या घरची चार नावं, अण्णाच्या घरची पाच, सगळ्यांपुढं जागा कोरी. मी विचारलं, ‘यंदा आपली युती कुणाबरोबर?’

पोरगं म्हणालं, ‘अजून वरून निरोप आला नाही, काका.’