आरएस घ्यायची तर फ्लॅटबेडही घ्या

मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

विषय पोर्शेचा आहे आणि मी पोर्शेवाला नाही, हे आधीच सांगतो. साताऱ्यात हायवेलगत आमचं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. पुण्या-मुंबईच्या गाड्या कासला, कोल्हापूरला, गोव्याला जाताना थांबतात. त्यात एखादी अशी येते की शेजारच्या वॉशिंग सेंटरची पोरं पाइप टाकून बघायला धावतात. त्यामुळं या गाड्या मी चालवल्या कमी आणि खालून बघितल्या जास्त. खालून बघितलेल्या माणसाचं मत असं: सातारा-सांगलीत राहून एकच स्पोर्ट्‌सकार घ्यायची ऐपत असेल, तर साधी ९११ करेरा घ्या. जीटी३ आरएस, म्हणजे त्याच ९११ ची रेस ट्रॅकसाठी बनवलेली गाडी, घेऊ नका.

पुतण्या आणि त्याचे मित्र आता माझ्यावर तुटून पडणार. त्यांच्या लेखी करेरा म्हणजे ‘बेस मॉडेल’. २०१९ ला आलेलं हे बेस मॉडेल ३८५ हॉर्सपॉवरचं आहे आणि ताशी २९३ किलोमीटर पळतं. २०२२ ला आलेली आरएस, ५२५ हॉर्सपॉवरची, किती पळते? २९६. तीन किलोमीटरचा फरक! पोरांना हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही, मग मोबाइल काढतात, मग गप्प होतात.

यात आरएसची काही चूक नाही. ती सरळ रस्त्यावर पळायला बनवलेलीच नाही, वळणात चिकटून राहायला बनवलीय. मागचा तो दाराएवढा पंख हवेला अडवतो, म्हणून वरचा वेग जातो. पण तोच पंख आणि पुढचे पाते मिळून गाडीला रस्त्यावर दाबून धरतात. पोर्शेचा आकडा आहे ताशी २०० ला ४०९ किलो आणि २८५ ला ८६० किलो दाब. सस्पेन्शनच्या दांड्यांनासुद्धा थेंबासारखा आकार दिलाय, तेवढ्यानं ४० किलोच्या आसपास दाब वाढतो. जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग या रेस ट्रॅकवर या गाडीनं २०.८ किलोमीटरची फेरी ६ मिनिटं ४९ सेकंदांत मारली. बनवणाऱ्यांपुढं हात जोडावेत असंच काम आहे.

आता ती यवतेश्वरच्या घाटात आणू. हवेचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, तसाच वर्गानं कमी होतो. २०० ला ४०९ किलो, म्हणजे १०० ला साधारण १०२. ८० ला ६५. आणि घाटात पुढं कासला निघालेली सहलीची बस असेल, तुम्ही ४० नं चालला असाल, तर १६ किलो. बाजूच्या सीटवर मामा बसले तरी त्याच्या चौपट दाब फुकट मिळतो. ज्या गोष्टीसाठी जादा पैसे मोजले, ती आपल्या रस्त्यावर जवळजवळ हजरच नसते.

हजर असतात ते तोटे. आरएसचा पुढचा रेडिएटर रेसिंगच्या गाडीसारखा मधोमध एकच आणि मोठा आहे, त्यामुळं पुढची डिकी गेली. करेराला तिथं १३२ लिटर जागा मिळते. मागच्या सीट नाहीत. कार्बनच्या बकेट सीटची पाठ मागं कलत नाही, आणि साडी नेसलेल्या बाईनं त्यात बसून दाखवावं. हे सगळं एक वेळ चालेल.

टायरचं चालत नाही. या गाड्यांना कप २ जातीचे टायर येतात. नक्षी कमी, रबर मऊ, आणि ते तापल्याशिवाय धरत नाही. ट्रॅकवर ते लगेच तापतं. जुलैत कासच्या रस्त्यावर, धुक्यात, वाहत्या पाण्यावर, तीस-चाळीसच्या वेगानं ते तापणार कसं? त्यात अलाइनमेंट. ट्रॅकसाठी चाकाला कॅम्बर जास्त देतात, म्हणजे चाक वरच्या बाजूनं आत झुकलेलं. वळणात गाडी कलली की टायर पूर्ण टेकतो. पण पुणे-सातारा-कोल्हापूर सरळ हायवेवर सगळा भार आतल्या कडेवर. बाहेरून टायर कोरा दिसतो. लिफ्टवर चढवून आत बोट फिरवलं की नक्षी संपलेली, कधी कधी तार दिसायला लागलेली. मालकाला पत्ताच नसतो, कारण वाकून आत कोण बघतो?

आणि पंक्चर. करेराचं चाक पाच बोल्टवर बसतं, १६० न्यूटन मीटर टॉर्क, कुठलाही जाणता माणूस काढेल. जीटी३ (आरएस हिचंच आणखी कडक रूप) आणि आरएसला मधोमध एकच मोठा नट असतो, आणि तो ६०० न्यूटन मीटरला आवळायचा. त्याला खास सॉकेट, हातभर नव्हे तर कमरेएवढा लांब टॉर्क रेंच, आणि आत ब्रेक दाबून बसायला दुसरा माणूस. स्टेपनी नाहीच. रात्री अकराला खंबाटकीच्या पायथ्याशी पंक्चरवाल्याकडं हे सगळं सापडेल का, तुम्हीच सांगा.

सांगलीचे एक पाव्हणे मला म्हणाले, मग आरएस घ्यायचीच नाही का कुणी? घ्यावी ना. आपल्याकडं शर्यतीचा खिलार ज्यानं पाळलाय त्याच्याकडं बघावं. तो बैल नांगराला जुंपत नाही, उसाच्या गाडीला तर नाहीच. खुराक वेगळा, माणूस वेगळा, आणि मैदानाला नेताना टेम्पोत चढवून नेतात, डांबरावरून चालवत नाहीत. पण मैदान लागलं की गाडामालक हजर! दावणीला बांधून फोटो काढायला तो बैल कुणी पाळत नाही. आरएसवाल्यानंही गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर चढवावी, रेस ट्रॅक असलेल्या ठिकाणी न्यावी: चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला न्यावी, कोइम्बतूरला न्यावी, बुद्ध सर्किटला न्यावी. हजारभर किलोमीटर अंतर आहे, खर्च आहे, टायरचे सेट संपतात. हे करणाऱ्याला माझा सलाम, आणि त्याच्या गाडीचं कॅम्बर मी आनंदानं सेट करीन.

बाकीच्यांचं खरं कारण वेगळं असतं: “काका, आरएसचा भाव पडत नाही.” खरंय. २०१६ ला पोर्शेनं बिनपंखाची, मॅन्युअल गिअरची ९११ आर फक्त ९९१ नग काढली, तर तिचे भाव आभाळाला भिडले. पण भावासाठी घेतलेली गाडी कव्हरखाली असते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ते वाचायला शिका. नक्षी भरपूर आणि रबर दगड झालेलं, असे टायर मी बघितलेत. त्यावर ५२५ हॉर्सपॉवर सोडायची म्हणजे कठीणच.

आणि आरएस हे नाव ज्या गाडीनं गाजवलं, त्या १९७३ च्या करेरा आरएस २.७ ची गंमत ऐका. रेसिंगच्या नियमासाठी ५०० गाड्या करायच्या होत्या, खपल्या १५८०. त्यात हलकी, सामान काढून टाकलेली ‘स्पोर्ट’ गाडी घेणारे २००. आणि जादा पैसे देऊन नेहमीच्या गाडीसारखं आतलं सामान परत बसवून घेतलेली ‘टूरिंग’ घेणारे १३०८! रस्ते त्यांचे, गाडी त्यांची, तरी बहुतेकांनी आराम निवडला.

पोर्शेलाही हे कळतं. म्हणून २०१७ पासून जीटी३ ची टूरिंग मिळते: तेच ४ लिटरचं, ९००० आरपीएमपर्यंत ओरडणारं इंजिन, वर मोठा पंख नाही. २०२४ पासून तर तिला मागच्या सीटही मागता येतात. त्या इंजिनाचा आवाज ऐकून कुणी टूरिंगच घेतली तर मी वाद घालणार नाही. तो आवाज मीही ऐकलाय, हातातला पाना हातातच राहतो. पण सेंटरलॉक, म्हणजे तो मधला एकच नट, तिलाही आहे आणि टायर तिचेही तसलेच, आणि नऊ हजाराला दुसऱ्या गिअरलाच गाडी शंभरच्या बरीच वर गेलेली असते. ऊस सीझनला दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागं ते इंजिन कुठं ओरडणार?

सांगलीच्या पाव्हण्यांना मी जे सांगितलं तेच इथं लिहितो. करेरा घ्या, आणि तीसुद्धा पुढं १९, मागं २० इंची रिमवर. मोठ्या रिमचा मोह नको, टायरची कड बारीक होते आणि आष्ट्याच्या अलीकडच्या एखाद्या खड्ड्यात तिला फुगा येतो. रंग घरच्यांना विचारा. पुढचा एक्सल उचलणारी लिफ्ट मात्र घ्याच. सोसायटीच्या तोंडाशी पोरांनी रात्रीत बांधलेले स्पीडब्रेकर काय मापाचे असतात, ते जर्मनीत कुणाला माहीत नाही.