येबोआचे दोन गोल आणि उरलेली कारकीर्द

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर कुणीतरी घानाचा स्ट्रायकर टोनी येबोआची तीच ती रील टाकतं. २१ ऑगस्ट १९९५, लीड्सचं मैदान एलंड रोड, येबोआचा लीड्स संघ विरुद्ध लिव्हरपूल. जोडीदार रॉड वॉलेस डोक्याने चेंडू खाली देतो, येबोआ तो जमिनीला टेकूच देत नाही. उजव्या पायाने असा हाणतो की लिव्हरपूलचा गोलकीपर डेव्हिड जेम्सच्या डोक्यावरून जाऊन, आडव्या दांडीच्या खालच्या कडेला आपटून चेंडू आत. खाली ठरलेल्या कमेंट्स: ‘तोफ’, ‘बुलडोझर’, ‘काय ताकद राव!’ विषय संपला.

गोल जबरदस्तच आहे, वाद नाही. पण घानाच्या कुमासी शहरातून आलेल्या या माणसाला आपण तेवढ्यातच गुंडाळून टाकतो, ते मला खटकतं. लीड्समध्ये तो जेमतेम अडीच वर्षं होता. त्यातलाही शेवटचा काळ गुडघ्याच्या दुखण्यात आणि नवा मॅनेजर जॉर्ज ग्रॅहमशी वाजण्यात गेला. टॉटनहॅमविरुद्ध मैदानाबाहेर बोलावल्यावर त्याने शर्ट काढून डगआउटकडे भिरकावला, तिथेच त्याचं इंग्लंड संपलं. त्याची खरी कारकीर्द जर्मनीत घडली आणि तिची रील कुणी टाकत नाही.

१९८८ मध्ये तो सारब्र्युकन क्लबला आला, १९९० मध्ये आइन्ट्राख्ट फ्रँकफर्टला. तेव्हाच्या जर्मनीत काळा खेळाडू दिसला की स्टँडमधून माकडाचे आवाज निघायचे, केळी फेकली जायची. आणि हे चोरून नाही, उघड, शेकडो तोंडांनी. येबोआ आणि जर्मनीतच खेळणारे अँथनी बाफो आणि सुलेमान साने (हो, जर्मनीकडून खेळलेल्या लिरॉय सानेचे वडील) या तिघांनी मिळून त्यावर एक खुलं पत्र काढलं. त्यातलं एक वाक्य आज फ्रँकफर्टच्या नीडरराड भागात एका इमारतीच्या भिंतीवर येबोआच्या भल्यामोठ्या चित्रासोबत रंगवलेलं आहे: ‘आमच्याविरुद्ध ओरडणाऱ्या सगळ्यांची आम्हाला लाज वाटते.’ तिघांनी ना दया मागितली, ना शिवी दिली. लाज कुणी बाळगायला हवी, तेवढं सांगितलं.

त्याच देशात हा गडी पुढे फ्रँकफर्टचा कप्तान झाला. १९९२-९३ मध्ये २० गोल, बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, गोल करणाऱ्यांत संयुक्त पहिला. पुढच्याच मोसमात १८ गोल, पुन्हा संयुक्त पहिला. संघात उवे बाइनसारखा पास देणारा होता, नंतर नायजेरियाच्या ओकोचासारखा जादूगारही आला, हे मान्य. पण पास मिळून गोल न करणारे ढीगभर असतात. १९९२ मध्ये तर हा संघ शेवटच्या दिवशी रॉस्टॉकविरुद्ध जिंकला असता तर चॅम्पियनच होता. तळाशी धडपडणाऱ्या संघाकडून २-१ हरले आणि विजेतेपदाची ढाल स्टुटगार्टला गेली. फ्रँकफर्टचे जुने लोक त्या दिवशी न दिलेल्या पेनल्टीवरून अजूनही कळवळतात.

मग १९९४ च्या डिसेंबरमध्ये माशी शिंकली. कोच युप हायन्केसने येबोआ, ओकोचा आणि त्यांचा सहकारी गाउडिनो यांना जादा धावायला लावलं, तिघांनी पुढच्या सामन्यात खेळायला नकार दिला, क्लबने तिघांना बाहेर बसवलं. हायन्केस मोठा कोच आहे. पुढे रेआल माद्रिदला आणि बायर्नला चॅम्पियन्स लीग त्यानेच जिंकून दिली. पण फ्रँकफर्टमध्ये त्याने केलं ते घर जाळून कोळशाचा व्यापार होता. येबोआ लीड्सला गेला, काही महिन्यांत हायन्केसही गेला आणि १९९६ मध्ये क्लब बुंडेसलीगातून खाली घसरला. लीग १९६३ मध्ये सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. खेळाडूंनी सामन्याला नकार देणं मला पटत नाही, पण कप्तानाला शाळकरी पोरासारखं वागवून काय मिळवलं?

आता त्या ‘ताकद’ शब्दाबद्दल. विम्बल्डनविरुद्धचा दुसरा प्रसिद्ध गोल (२३ सप्टेंबर १९९५, त्या दिवशी हॅटट्रिक, लीड्स ४-२) जरा हळू करून बघा. वरून येणारा चेंडू छातीवर मऊ घेतला. मग मांडी, मग पाय. अंगावर आलेल्या बचावपटूला एका स्पर्शात मागे टाकलं, तोवर चेंडू नेमका हव्या तेवढ्याच उंचीवर उसळला होता. शेवटचा फटका सगळ्यांना दिसतो, पण तो शक्य केला आधीच्या स्पर्शांनी, आणि त्यात दांडगाई कुठेच नाही. हेच एखाद्या डच किंवा इटालियन खेळाडूने केलं असतं तर आपण ‘टेक्निक’ म्हटलं असतं. आफ्रिकन असला की ‘पॉवर’. समालोचकांची ही सवय आपल्याकडेही जशीच्या तशी आली आहे, आणि आपण तर रंगावरून बोलून घेतलेली माणसं!

देशाकडून मात्र त्याच्या पदरी फार काही पडलं नाही. १९९२ च्या आफ्रिका कपच्या फायनलमध्ये घानाचा कप्तान अबेदी पेले निलंबित, घाना आयव्हरी कोस्टकडून पेनल्टींवर ११-१० ने हरलं. शेवटची पेनल्टी हुकली ती बाफोची, त्या पत्रातल्याच बाफोची. वर्ल्ड कप येबोआला मिळालाच नाही. घाना पहिल्यांदा पात्र ठरलं २००६ मध्ये, तेव्हा तो चाळिशीला आला होता.

लीड्सनंतर तो पुन्हा जर्मनीतच गेला, हॅम्बुर्गला, आणि बुंडेसलीगातले एकूण ९६ गोल करून थांबला. कित्येक वर्षं कुठल्याही आफ्रिकन खेळाडूला तो आकडा गाठता आला नाही, शेवटी गॅबॉनच्या ओबामेयांगने मागे टाकला. नंतर घानात परतून त्याने हॉटेलं काढली.

तेव्हा मंडळी, रील खुशाल टाका. फक्त पुढच्या वेळी फ्रँकफर्टचाही एखादा गोल शोधून टाका. चित्र धुरकट असेल, समालोचन जर्मनमध्ये असेल, चालेल.