तंबूत राहायला येताय? स्वागत आहे!

पहिली गोष्ट म्हणजे बुकिंग फोटो बघूनच करा. तंबूच्या दारातून दोन पावलं टाकली की पाणी, समोर चहाचा कप धरलेला हात, मागं डोंगर. हा फोटो ऑक्टोबरात काढलेला असतो. तेव्हा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, काठोकाठ भरलेला असतो. पुढं कोयनेचं हे पाणी वीज करत कोकणात उतरतं, शेतीला सुटतं आणि महिन्यागणिक खाली सरकत जातं. त्यामुळं तुम्ही फेब्रुवारीत पोचता तेव्हा तुमच्या 'लेक टच' तंबूपुढं भेगाळलेल्या गाळाचा उतार असतो आणि त्याच्या पार तळाशी पाणी. मालकाला विचारलंत तर तो म्हणेल, "सर, समोर दिसतंय की!" दिसतंय हे खरं आहे. १०५ टीएमसीचं धरण, न दिसून जाईल कुठं?

ॲडव्हान्स लगेच भरा, मालकाच्या मेव्हण्याच्या नंबरावर. पावती मागू नका, माणसं दुखावतात. परवाना तर विचारूच नका.

शनिवारी सकाळी नऊला निघा. अख्खं पुणं तेव्हाच निघतं, त्यामुळं खंबाटकीत एकटं वाटत नाही.

जाताना वाटेत कास पठार लागतं, तिथं उतरायलाच हवं. गेल्या फेब्रुवारीत माझ्या मेव्हण्यानं ऑफिसच्या मित्रमंडळींसाठी शिवसागराकाठच्या बामणोलीच्या अलीकडं तंबू बुक केले आणि मला बरोबर ओढलं. (मेव्हणा पुण्याचा, मी साताऱ्याचा. फुकटचा गाइड.) पठारावर उतरल्या उतरल्या एक बाई म्हणाल्या, "फुलं कुठायत?" मी म्हणालो, फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात. जांभ्या दगडावर बोटभर माती, तिच्यात पावसाचं पाणी मुरलं की तेरडा, गेंद, सीतेची आसवं उगवतात आणि पाऊस सरला की संपतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आज बंद आहे?" २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाबरोबर या पठाराला जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा ते कुठल्या वारी बंद असतं हे सांगायचं राहून गेलं असावं. शेवटी वाळक्या गवतात लोळून फोटो काढून झाले. फुलं नंतर मोबाइलमध्ये घालता येतात म्हणे.

'अनलिमिटेड बार्बेक्यू' लिहिलेलंच पॅकेज घ्या. वाट किती बघायची याला खरोखरच लिमिट नसतं.

तंबूत झुंबर असलं पाहिजे. पलंग, आरसा, कृत्रिम वेल, 'गुड व्हाइब्स ओन्ली'ची निऑन पाटी, सगळं असलं पाहिजे. पहाटे दवानं गादी ओली होते तेव्हा या झुंबराचा फार उपयोग होतो. संडास कुठं आहे हे विचारा, पण त्याचा शोषखड्डा कुठं आहे ते विचारू नका. तो उताराच्या बाजूला असतो आणि उताराखाली काय असतं ते तुम्ही फोटोत बघितलेलंच आहे. कासच्या तळ्याकाठी मुक्काम करणाऱ्यांनी तर बिलकूल विचारू नये. तिथलं पाणी साताऱ्यातल्या कित्येक घरांच्या नळाला येतं. आम्हाला सवय आहे.

शेकोटी हवीच. तिला बोनफायर म्हटलं की लाकूड कुठून आलं हा प्रश्न पडत नाही. फेब्रुवारी ते मे या दिवसांत सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं, गवत असं वाळलेलं असतं की ठिणगी पडायचा अवकाश. म्हणून तर वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं. तुम्ही त्याच दिवसांत मोठा जाळ करा आणि मन भरलं नाही तर आकाशकंदील सोडा. कंदील फार सुंदर वर जातो. खाली कुठं पडतो हे बघायला तुम्ही थोडेच थांबणार? वणवा लागलाच तर डोंगरावर अग्निशमनचा बंब चढत नाही, गावची पोरं आणि वनरक्षक हिरव्या डहाळ्या तोडून झोडपत बसतात. त्यांचाही व्यायाम होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्पीकर. स्पीकर नसेल तर निसर्गाची शांतता ऐकू येते आणि त्यासाठी कोण एवढे पैसे भरेल? चाकं असलेला, कंबरेएवढा, दिवे चमकणारा घ्या. कॅम्पवाल्याचा वेगळा असतोच, शेजारच्या ग्रुपचा तिसरा असतो, आणि तिन्हींवर तीन गाणी लागली की प्रत्येकाला आपला आवाज कमी वाटतो. मग वाढवावा लागतो. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही, असा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे, पण तो शहरात. इथं डोंगरात कोण बघतंय?

बघत कोणी नाही, पण ऐकतात. रात्री पाण्यालगतची हवा थंड असते आणि वरची उबदार, अशा वेळी आवाज वर निघून न जाता परत खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर पसरतो. दिवसा जो आवाज टेकाडाआड विरतो तो रात्री पलीकडच्या वाडीत अंथरुणापर्यंत पोचतो. पलीकडं काय आहे हे माहितेय का? कोयना अभयारण्य. २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथल्या वासोटा किल्ल्यावर जायचं तर वनखात्याची परवानगी, होडी, संध्याकाळच्या आत परत, मुक्कामाला बंदी. हे सगळं कशासाठी, तर जनावरांना त्रास नको. आणि अलीकडच्या काठावर पहाटेपर्यंत 'हात वर करा, हात वर!' गव्याला हद्द कळत असेल कदाचित. आवाजाला कशी कळायची?

त्या रात्री अकरा वाजून गेले असतील. वरच्या वाडीतून एक म्हातारा उतरण उतरत आला. डोक्याला मफलर, अंगात विटका स्वेटर, हातात बॅटरी. शेकोटीच्या उजेडाच्या कडेला थांबला, आत आला नाही. "सायेब, परवा नातीचा पेपर हाय. बारावीला हाय. जरा बारीक करा की." एवढंच. हात जोडून. त्याच्या पायात स्लिपर होती आणि गाळानं घोट्यापर्यंत माखली होती.

आमच्यातला एक उठला आणि म्हणाला, "काका, या ना, एक पेग घ्या!" सगळे हसले. म्हातारा हसला नाही, तसाच उभा राहिला. मग कोणीतरी "पाच मिनिटं, पाच मिनिटं" म्हणत आवाज कमी केला. त्याची बॅटरी चढणीला लागली, टेकाडाआड गेली आणि आवाज होता त्याहून वर चढला. मी जाऊन वायर उपटली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, चिल करा ना, सगळ्यांचा मूड जातो." वायर उपटून तरी काय, कॅम्पच्या पोऱ्यानं येऊन ती परत खोचली. "सर, बाकीच्या ग्रुपांचं पण पेमेंट आलंय." त्या पोराला काय बोलणार? त्याच वाडीतला होता तो. रोजावर होता.

आणि बाटल्या. त्या पाण्यात फेका. पाण्यात गेली की गेली, नाही का? पाणी उतरत जातं तसं त्याच गाळात लोक गाळपेर करतात, गुरं चरायला उतरतात. माझ्या आत्याच्या म्हशीचा खूर काचेनं फाटला होता. पाय वर धरून तीन पायांवर उभी राहायची. डॉक्टर गावात येत नाही, टेम्पोत घालून न्यायला लागलं. ती बाटली कुणाची होती कोणाला माहीत? तुम्ही तर रविवारी दुपारीच पेढे घेऊन पुण्याला पोचला होतात.

बास झालं. आता सरळच बोलतो.

या पाण्याखाली गावं गेलीत. कोयना धरणासाठी माणसांनी घरं-शेतं सोडली आणि लांबलांबच्या जिल्ह्यांत जाऊन वसली. जी वर राहिली त्यांच्या वाटेत आधी धरण आलं, मग अभयारण्य आलं, आणि आता तुमचा शनिवार आलाय. तुमच्या सोसायटीत साडेदहाला वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी ग्रुपवर मेसेज टाकता. गणपतीचा ढोल दहाला बंद झाला नाही तर पोलिसांना फोन लावता. तुमच्या पोराची बारावी असते तेव्हा घरातला टीव्ही वर्षभर बंद असतो, पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगता. आणि इथल्या पोरीची बारावी म्हणजे काय, गंमत? तिच्या आजाला पेग विचारता?

कॅम्पवाल्यांनो, तुम्हीही ऐका. तुम्ही इथलेच आहात, बहुतेक जण. जमीन भाड्यानं दिली म्हणजे रात्रही दिली असं होत नाही. दहाला मशीन बंद, हे बुकिंगच्या वेळी स्पष्ट सांगा. ज्यांना जमत नाही ते येणार नाहीत. न येऊ देत. दोन तंबू रिकामे राहिले तर भीक लागत नाही.

आणि परत आल्यावर तुमच्यातल्या कोणीतरी रिव्ह्यूत लिहिलंय, 'जागा छान, पण रात्री स्थानिक लोक येऊन त्रास देतात.' एक तारा कमी दिलाय. तो त्रास मी डोळ्यांनी बघितला, हात जोडून उभा होता तो. शरम वाटायला हवी.

यापुढं माझ्यासमोर हे झालं तर मी वायर उपटत बसणार नाही. ११२ लावीन आणि गाड्यांचे नंबर वाचून दाखवीन. त्यात मेव्हण्याची गाडी असली तरी.