पाइपमधला वायू कुणाचा? एका फिरत्या संदेशाला उत्तर

डिचोली, म्हापसा, फोंड्याच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश जोरात फिरतो आहे. शेवटी तिरंगा, जोडलेले हात आणि ‘सिलिंडरची गुलामी सोडा’ अशी हाक. मुद्दे पाच. पाइपचा नैसर्गिक वायू आपल्या देशाचा, म्हणून कुठे युद्ध पेटलं तरी आपली चूल विझणार नाही. दर सरकारने बांधलेला, तो वाढणार नाही. या वायूने प्रदूषण होत नाही. तो हवेपेक्षा हलका, त्यामुळे स्फोट होऊच शकत नाही. आणि घरातली शेगडी तीच चालते, नळी तेवढी बदलायची.

पाइपगॅसशी माझं भांडण नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर चढवून घेणाऱ्याला त्याचं सुख कळतं. दारात जोडणी आली असेल तर जरूर घ्या. या पाच कारणांसाठी मात्र घेऊ नका.

‘वायू आपल्या देशाचा’

निम्मा. भारतात जेवढा नैसर्गिक वायू खपतो त्यातला साधारण अर्धा परदेशातून येतो. आपल्या गोव्याचंच बघा. इथे वायू येतो तो ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीच्या दाभोळ-बेंगळुरू वाहिनीच्या फाट्यावरून. २०१३ साली ही वाहिनी सुरू झाली, आणि सांकवाळचा नाफ्थ्यावर चालणारा खत कारखाना वायूवर आला. वाहिनीच्या नावातलं दाभोळ म्हणजे गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलचं एलएनजी टर्मिनल. उणे १६२ अंशांवर द्रव केलेला वायू जहाजांतून तिथे उतरतो. लाटा अडवणारा बांध पुरा नव्हता तेव्हा कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागतच नसे. मग गुजरातेतल्या दहेजकडचा वायू वाहिनीने खाली आणायचा. आणि दहेजला प्रामुख्याने उतरतो तो कतारचा. कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो वाढवला, आता २०२८ ते २०४८. कतारचं प्रत्येक जहाज होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतं. जगातल्या एकूण एलएनजी व्यापाराचा सुमारे पाचवा हिस्सा त्याच वाटेने जातो. युद्धाने चूल विझत नाही म्हणणाऱ्याने एकदा नकाशा उघडावा.

घरगुती पाइपगॅसला देशी वायूत अग्रक्रम आहे, हे खरं. पण पाइपात सगळा वायू एकत्रच वाहतो, वाटणी कागदावर होते. शिवाय ज्या जुन्या क्षेत्रांतून हा स्वस्त वायू निघतो त्यांचं उत्पादन उतरणीला लागलं आहे. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रातल्या केजी-डी६ या वायुक्षेत्राची गोष्ट ज्यांना आठवते त्यांना ‘आपल्याकडे भरपूर आहे’ या वाक्याची धास्ती वाटावी. एप्रिल २००९ ला तिथून वायू सुरू झाला. २०१० मध्ये रोज ६ कोटी घनमीटरपर्यंत गेला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत त्याच्या चौथाईखाली आला. नंतर नव्या विहिरींनी तो थोडा सावरला. पण दरम्यान त्या वायूच्या भरवशावर वीज प्रकल्प उभे राहिले होते. देशात सुमारे २० हजार मेगावॅटची वायूवरची केंद्रं आहेत आणि ती क्षमतेच्या पाचव्या हिश्शाइतकीही चालत नाहीत. दाभोळचा वीज प्रकल्प त्यातलाच.

सिलिंडरबद्दलही हेच म्हणावं लागेल. एलपीजीचा निम्म्याहून जास्त वाटा आयातीचाच आहे. म्हणजे सिलिंडर सोडून पाइप घेतला तर गुलामी सुटत नाही, फार तर मालक बदलतो.

‘दर वाढणार नाही’

हे लिहिणाऱ्याला २०२२ आठवत नाही असं दिसतं. जुन्या देशी क्षेत्रांच्या वायूचा दर त्या वर्षी एप्रिलमध्ये प्रति एमएमबीटीयू २.९० डॉलरवरून ६.१० वर गेला आणि ऑक्टोबरात ८.५७ वर. एमएमबीटीयू हे उष्णतेचं माप, वायूचे सौदे त्यात होतात. वायूच्या दरासाठी केंद्राने नेमलेल्या किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर एप्रिल २०२३ पासून नवं सूत्र आलं: भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के, कमीत कमी ४ डॉलर, जास्तीत जास्त ६.५. म्हणजे कमाल मर्यादा आहे, हे संदेशातलं अर्धसत्य. उरलेलं अर्धं असं की पहिली दोन वर्षं संपल्यावर ही मर्यादाच दरवर्षी पाव डॉलरने वर सरकते, आणि एप्रिल २०२५ पासून ती ६.७५ झालीसुद्धा. शिवाय मर्यादेत बसणारा वायू किती मिळेल याची हमी कुणी दिलेली नाही. २०२४ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरात सीएनजीचा स्वस्त कोटा लागोपाठ दोनदा कापला गेला. तूट भरायची ती महाग वायूने.

आणि महाग म्हणजे किती? युक्रेन युद्धानंतर रशियाचा पाइपवायू आटला आणि युरोप जहाजं विकत घ्यायला उतरला. वादळामुळे होड्या बाहेर पडल्या नाहीत की पणजी मार्केटात इसवणाचं जे होतं तेच झालं: थोडा माल, आणि तो जाड पाकीटवाल्याच्या पिशवीत. आशियातला रोखीचा दर, म्हणजे दीर्घ कराराविना त्या त्या वेळी घेतलेल्या जहाजाचा, ५० डॉलरच्या पलीकडे गेला. बांगलादेशाने रोखीची खरेदी थांबवली, पाकिस्तानच्या निविदांना कुणी बोलीच लावेना, दोन्हीकडे वीज जाऊ लागली. आपल्याकडे तर करार हातात असूनही माल आला नाही. गॅझप्रॉम या रशियाच्या सरकारी वायू कंपनीच्या ज्या सिंगापूर शाखेकडून गेल वायू घेत असे, तिची मूळ जर्मन कंपनी जर्मनीने ताब्यात घेतली. जहाजं चुकू लागली आणि गेलला आपल्या गिऱ्हाइकांचा पुरवठा कमी करावा लागला.

आता कतार आणि अमेरिका नवी क्षमता उभी करत आहेत, त्यामुळे पुढे काही वर्षं वायू स्वस्त होईल असं बरेच जण म्हणतात. होईलही. पण दीर्घ करारांतला दर बहुधा कच्च्या तेलाला बांधलेला असतो, आणि तेल आपल्या हातात कधीच नव्हतं. देशाच्या ऊर्जेत वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्के करायचं उद्दिष्ट जाहीर आहे. आज तो ६-७ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो, त्याचं मुख्य कारण हाच बेभरवशाचा दर.

‘प्रदूषण होत नाही’

भांडं काळं होत नाही, तेवढ्यावरून हा निष्कर्ष. कोळशाच्या विजेशी तुलना केली तर वायूच्या विजेतून कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्मा निघतो, हे मान्य. पण फोंड्याच्या स्वयंपाकघरात कोळसा कोण जाळतो? तिथे वायू येतो तो एलपीजीच्या जागी, आणि तेवढ्याच उष्णतेमागे या दोघांत फरक आहे जेमतेम ११ टक्क्यांचा. विहिरीपासून शेगडीपर्यंत कुठेही गळती झाली की हा फरकही जातो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि न जळता सुटलेला मिथेन २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. त्यात तो थंड करून द्रव करायचा, जहाजात भरायचा, हजारो मैल आणून पुन्हा वायू करायचा, याला लागणारी ऊर्जा वेगळीच. वायू धंद्यापुढचा खरा पेच हा आहे. साठे संपण्याची भीती आज कुणाला नाही, पण ‘स्वच्छ’ हे बिरुद गळती मोजणारे उपग्रह हिरावून घेऊ लागले आहेत.

‘स्फोट होऊच शकत नाही’

मिथेन हलका असतो, वर जातो. एलपीजी जड, जमिनीलगत साचतो. म्हणून मंगळुरी कौलांच्या जुन्या घरात पाइपगॅस तुलनेने बरा. पण खिडक्या लावलेल्या, फॉल्स सीलिंगच्या फ्लॅटमध्ये तो वरच कोंडतो, आणि हवेत ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. जून २०१४ मध्ये आंध्रातल्या नगरम गावी वायुवाहिनी फुटली, वीसहून अधिक माणसं गेली. ती मोठ्या दाबाची मुख्य वाहिनी होती, घरातल्या नळीत दाब नगण्य असतो, तेव्हा घाबरायचं कारण नाही. गोव्यात मला जास्त भीती जेसीबीची वाटते. एकच रस्ता एका वर्षात पाणी, वीज आणि इंटरनेटसाठी पाळीपाळीने खणला जातो, तिथे पिवळ्या पाइपावरून दात फिरायला कितीसा वेळ?

‘शेगडी तीच चालते’

पाचातला हा सगळ्यात धोकादायक मुद्दा. एलपीजी जास्त दाबाने येतो आणि तेवढ्याच घनफळात दुपटीहून जास्त उष्णता देतो, म्हणून त्याच्या शेगडीच्या जेटचं, म्हणजे वायू सुटतो त्या तोटीचं, भोक बारीक असतं. पाइपगॅसला ते मोठं लागतं. जोडणी देताना कंपनीचा माणूस जेट बदलतो, ते त्यालाच करू द्या. नुसती नळी बदलली तर ज्योत मरतुकडी येते, तिथे नुकसान फक्त वेळेचं. उलट बाजू वाईट. चवथीला मूळ घरी एवढ्या माणसांचा स्वयंपाक, म्हणून शहरातली शेगडी गाडीत घालून नेतात आणि तिथल्या सिलिंडरला जोडतात. मोठ्या भोकातून एलपीजी सुटला की पिवळी, हातभर ज्वाला उठते. पाइपगॅस घेतलेल्यांनी गावासाठी दुसरी शेगडी ठेवावी, नाहीतर नेण्याआधी मेकॅनिककडून जेट परत बदलून घ्यावेत.