आखाड्यालाही तेवढंच श्रेय द्या

डेक्कन कॉलेजच्या वसतिगृहात टिळक-आगरकरांचे वाद कसे रात्र-रात्र रंगायचे, हे तुमच्या त्या दोघांवरच्या लेखात फार सुंदर आलंय. पण टिळकांच्या व्यायामाला जेमतेम एक ओळ, हे खटकलं. १८७३ साली कॉलेजात आल्यावर अख्खं पहिलं वर्ष त्यांनी शरीर कमावण्यात घालवलं. कुस्ती, पोहणं, नदीत होडी वल्हवणं! अभ्यास मागे पडला, परीक्षा गेली, तरी त्यांना त्याचं दुःख नव्हतं. पुढे मंडालेचा तुरुंगवास सोसणारी प्रकृती तिथेच घडली, असं मला ठामपणे वाटतं. आगरकर मात्र दम्याने बेजार, आणि १८९५ मध्ये अवघ्या ३८व्या वर्षी गेले. फार हळहळ वाटते हो. वसतिगृहातल्या त्या चर्चांतूनच जानेवारी १८८०मध्ये पुण्यात सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूल या शाळेला बळ मिळालं, त्यावरही सविस्तर लिहा.