ट्यूब उशिरा पेटते

घरी जुळवलेल्या हायब्रिड (म्हणजे काचेची व्हॅक्यूम ट्यूब आणि ट्रान्झिस्टर दोन्ही वापरणाऱ्या) हेडफोन अँप्लिफायरचं झाकण उघडलं की नजर आधी ट्यूबवर जाते. जावी म्हणूनच ती मधोमध, डब्याबाहेर डोकं काढून बसवलेली असते. नारिंगी उजेडात ती अशी तळपते की पाहणाऱ्याला वाटावं, सगळं संगीत हिच्याच पोटातून येतंय. माझं मत जरा वेगळं आहे. या डब्यात सगळ्यात कमी राबणारी आणि सगळ्यात जास्त मिरवणारी हीच. बरं, तो नारिंगी उजेडही तिचा नव्हे. १२एयू७ या ट्यूबचा हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, पेटला तरी आतल्या नळीच्या टोकाशी लालसर ठिपका दिसतो, तेवढाच. बाकीचा झगमगाट सॉकेटच्या मधल्या भोकातून खुपसलेल्या एलईडीचा. दिव्याखाली अंधार असतो हे सगळ्यांना माहीत आहे. इथे दिव्याखाली एलईडी असतो.

आता तिच्या कामाचा हिशेब. हिच्या डेटाशीटमध्ये प्लेटवर, म्हणजे करंट जमा करणाऱ्या पत्र्यावर, २५० व्होल्टची भाषा आहे. आपण देतो २४. एवढ्याशा व्होल्टेजवर तिच्यातून वाहणारा करंट एक मिलिअँपिअरच्याही आत राहतो, आणि तिचा आउटपुट इम्पीडन्स (करंट बाहेर पडताना होणारा अडथळा) काही हजार ओहम असतो. ३२ ओहमचा हेडफोन थेट तिच्या गळ्यात बांधला तर आवाज निघणार नाही, सुस्कारा निघेल. म्हणून ती फक्त सिग्नलचं व्होल्टेज वाढवते आणि ओझं पुढे ढकलते. ओझं उचलणारा आयआरएफ५१० नावाचा मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), काळा, तीन पायांचा, हीटसिंकला (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या तुकड्याला) पाठ टेकून उभा. तो व्होल्टेज अजिबात वाढवत नाही, उलट चिमूटभर कमीच करतो. पण करंट हवा तेवढा देतो. त्याच्या गेटला, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या पायाला, स्वतःला डीसी करंट लागत नाही, त्यामुळे ट्यूबची प्लेट थेट त्याच्या गेटला जोडता येते. सोर्सचं, म्हणजे सिग्नल बाहेर सोडणाऱ्या पायाचं, व्होल्टेज गेटपेक्षा साधारण ४ व्होल्टने खाली राहतं. म्हणून सोर्सला पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे १२ व्होल्ट हवे असतील तर प्लेटवर १६ च्या आसपास दिसले पाहिजेत. प्लेटच्या वाटेवरचा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) त्यासाठीच. तो फिरवायचा, पाव तास थांबायचं आणि पुन्हा फिरवायचा. ट्यूब तापता तापता मत बदलते.

मॉसफेटच्या शेजारी त्याचा जुळा भाऊ उभा असतो: एलएम३१७. तेच शरीर, तेच तीन पाय, तोच पाठीचा पत्रा. स्वभाव मात्र पूर्ण निराळा. छापलेली बाजू आपल्याकडे करून डावीकडून वाचलं तर आयआरएफ५१० चे पाय गेट, ड्रेन, सोर्स; एलएम३१७ चे अॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. दोघांची अदलाबदल ही या छंदातली इतकी नियमित चूक आहे की डाग देण्याआधी भिंगातून नंबर वाचावा, आणि दिल्यावर पुन्हा एकदा वाचावा. एरवी व्होल्टेज सांभाळणारा एलएम३१७ इथे सोर्स आणि जमीन (सर्किटचा शून्य व्होल्ट) यांच्यामध्ये बसून मॉसफेटचा करंट सांभाळतो. आउटपुट आणि अॅडजस्टमध्ये तो १.२५ व्होल्ट राखतो, तेव्हा मधे ५ ओहम टाकले की २५० मिलिअँपिअर ठरले. ५ ओहमचा रेझिस्टर सहसा डबीत नसतोच; १० ओहमचे अर्ध्या वॉटचे दोन समांतर जोडावेत.

हे २५० मिलिअँपिअर गाणं चालू असो वा नसो, वाहतच राहतात. २४ व्होल्ट गुणिले पाव अँपिअर, म्हणजे एका चॅनेलला ६ वॉट, दोन्हींचे १२. त्यातून कानापर्यंत पोचतात काही मिलिवॉट. बाकी सगळी उष्णता. क्लास ए असं भारदस्त नाव असल्यामुळे या उधळपट्टीला कोणी उधळपट्टी म्हणत नाही.

खरी गंमत हीटसिंकवर होते. मॉसफेटचा पत्रा आतून ड्रेनला, म्हणजे थेट २४ व्होल्टला जोडलेला. एलएम३१७ चा पत्रा आउटपुटला, म्हणजे जमिनीपासून जेमतेम सव्वा व्होल्ट वर. दोघांना एकाच हीटसिंकवर उघड्या पाठीने आवळलं की २४ व्होल्ट सरळ त्या ५ ओहमवर कोसळतात. जवळजवळ ५ अँपिअर! अडॅप्टर शहाणा असेल तर लगेच गप्प बसतो. नसेल तर आधी रेझिस्टर धूर सोडतात. म्हणून पाठीमागे अभ्रकाची पट्टी किंवा सिलिकॉन पॅड आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश. बुश विसरला तर अभ्रक लावूनही उपयोग नाही, कारण स्क्रूच वीज पोचवतो. वीज लावण्याआधी दोन्ही पत्र्यांत मल्टिमीटर धरावा. तो बीप न वाजणं हाच या छंदातला सगळ्यात गोड आवाज.

गेटच्या पायाला अगदी चिकटून २२० ओहमचा एक किरकोळ रेझिस्टर असतो. सर्किटच्या नकाशात तो इतका बिनकामाचा वाटतो की गाळावासा वाटतो. गाळला, किंवा दोन इंच दूर लावला, तर मॉसफेट मेगाहर्ट्झमध्ये स्वतःशीच गुणगुणू लागतो. ते आपल्याला ऐकू येत नाही. ऐकू येतो खरखरीत आवाज आणि हात जवळ नेला की बदलणारी सळसळ. मीटरचा आकडाही तारेला बोट लावताच उड्या मारतो. मग माणूस ट्यूबला शिव्या देत बसतो. या एका बाबतीत बिचारी निर्दोष.

बाकी तिच्या सॉकेटने भल्याभल्यांची ट्यूब विझवलेली आहे. नऊ पायांचे नंबर खालून पाहताना घड्याळाच्या दिशेने जातात. वरून पाहून तारा जोडल्या तर सगळं आरशात गेल्यासारखं होतं: १ च्या जागी ९, २ च्या जागी ८, ४ च्या जागी ६. फक्त ५ तेवढा जागेवर. हीटर ४ आणि ५ वर असल्यामुळे तो पेटतच नाही. पण एलईडीची तार वेगळी, तो झगझगत असतो! अर्धा तास माणूस त्या उजेडाकडे श्रद्धेने पाहत शांतता ऐकतो. उपाय सोपा आहे, पाच मिनिटांनी काचेला बोट लावावं. कोमट नसेल तर जे पेटलंय ती ट्यूब नव्हे.

हीटरला ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्ट आणि १५० मिलिअँपिअर लागतात. ७८१२ या रेग्युलेटरने (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणाऱ्या भागाने) १२ दिले तरी ती कुरकुरत नाही. मात्र ७८१२ वर १.८ वॉट खर्ची पडतात, तेव्हा त्यालाही छोटा हीटसिंक द्यावा. ६डीजे८ ही दुसरी ट्यूब त्याच नऊ भोकांत आरामात बसते, पण तिचा हीटर ६.३ व्होल्टचा. पाय जुळले म्हणून पत्रिका जुळत नाही. १२ व्होल्टवर ती पांढरीफटक पेटते आणि तेवढ्यापुरतीच. १२एएक्स७ चे पाय आणि हीटर दोन्ही जुळतात, तिचा गेनही (सिग्नल वाढवण्याची क्षमताही) पाचपट, पण २४ व्होल्टवर तिच्यातून करंट नावालाच वाहतो आणि ट्रिमरवरची सगळी मेहनत पाण्यात जाते.

व्हॉल्यूमच्या पॉटवर (फिरवायच्या रेझिस्टरवर) ए५०के लिहिलेलं असावं. बी असेल तर तो लिनिअर, म्हणजे सरळ प्रमाणात वाढणारा, आणि सगळा आवाज पहिल्या पाव वळणातच संपतो. ए मध्येही अगदी खालच्या टोकाला एक कान दुसऱ्यापेक्षा जास्त ऐकतो, त्याला इलाज नाही. ट्यूबच्या ग्रिडपासून, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या जाळीपासून, जमिनीला १ मेगाओहमचा रेझिस्टर मात्र हवाच. पॉटचा स्पर्श क्षणभर सुटला की ग्रिड अधांतरी, ग्रिड अधांतरी की प्लेट भरकटली, आणि प्लेटला थेट जोडलेला मॉसफेट तिच्यामागे निघाला.

शेवटी दाराशी ४७० मायक्रोफॅरडचा, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. सोर्सवरचे १२ व्होल्ट हेडफोनमध्ये शिरू नयेत म्हणून हा पहारेकरी. ३२ ओहमला त्याचा बास साधारण १०.६ हर्ट्झपर्यंत उतरतो. काटकसर करून ४७ चा लावला तर १०६ हर्ट्झलाच तबल्याचा डग्गा आटतो. त्याच्या हेडफोनकडच्या टोकापासून जमिनीला १ किलोओहम लावावा. तो नसेल तर ते टोक लोंबकळत राहतं आणि अर्धा मिनिट थांबून शहाणपणाने हेडफोन लावला तरी कानात धप्प होतं. आणि अर्धा मिनिट थांबायचंच. थंड ट्यूब करंट घेत नाही, म्हणून सुरुवातीला प्लेट २४ वर आणि सोर्स २० वर चढतो. ती तापली की दोघं सावकाश खाली येतात. तो प्रवास कानांनी ऐकण्यासारखा नाही. पहिल्या वेळी तर हेडफोनच्या जागी ३३ ओहमचा रेझिस्टर लावून मीटरने पाहावं. स्थिरावल्यावर तिथे काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त डीसी दिसला, तर कपॅसिटर उलटा आहे का ते तपासावं.

एवढं सगळं नीट जुळलं की नाव कोणाचं होतं? ‘ट्यूब अँप्लिफायर’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, आणि कथील तर आपणच वितळवलेलं. पण एक श्रेय तिला द्यायला हवं. हेडफोन कानाला लावून काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा: काही ट्यूबमधून आत लांबवर घंटा वाजल्यासारखा टण्ण असा आवाज येतो. पत्रे हलतात, करंट हलतो आणि ती उत्तर देते. आयआरएफ५१० ला टिचकी मारली तर नुसतं बोट भाजतं.