‘घरबसल्या’ लिहिलेल्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाहीत, म्हणून नावाने हाक मारता येत नाही.

‘सेलमधली स्वस्त एसएसडी घ्यावी का?’ या माझ्या लेखाखाली काल रात्री तुमची प्रतिक्रिया आली. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लावायची चिपवाली ड्राइव्ह. सेलमधली सूट खरी किती असते आणि घेतलेली ड्राइव्ह कशी तपासायची, हे मी त्या लेखात लिहिलं होतं. ती आधी इथे जशीच्या तशी देते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको. (तिच्यातला टीबीडब्ल्यू म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येतील याचा कंपनीने दिलेला आकडा.)

“ताई, घरबसल्या स्पेसिफिकेशन वाचून लोकांना घाबरवू नका. सामान्य माणूस दिवसाला २० जीबीसुद्धा लिहीत नाही. त्या हिशेबाने १२० टीबीडब्ल्यूची ड्राइव्ह १६ वर्षं चालेल. माझी सेलमधली २,२०० रुपयांची ड्राइव्ह ३ वर्षं चालू आहे, टेस्टला स्पीड ५२० येतो. जुन्या लॅपटॉपवाल्या गरीब विद्यार्थ्याला हार्ड डिस्कपुढे कुठलीही एसएसडी चालते, त्याला हजार रुपये जास्त घालायला लावणं बरोबर नाही. आणि १ टीबीची ९३१ जीबी दिसते ही कंपनीची लबाडी नव्हे, एवढं तरी माहीत करून घ्या.”

शेवटचं आधी घेते. ९३१ बाबत तुमचं बरोबर आणि माझं चूक. कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं एवढे बाइट धरते आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजून तेच ९३१ म्हणून दाखवतं. बाइट एकही कमी नसतो. ‘उरलेले ६९ जीबी कंपनी खाते’ हे माझं वाक्य आज सकाळी काढून टाकलं आणि लेखाखाली दुरुस्तीची नोंद केली. चूक दाखवलीत, आभार. पण ‘एवढं तरी’ हे शब्द न घालताही ती दाखवता आली असती.

आता ‘घरबसल्या’. हा शब्द तुम्ही सहज लिहिला असेल, मला तो सहज वाचता आला नाही. हो, मी घरीच बसते. कराडातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक लांब टेबल आहे, त्यावर दोन मॉनिटर आहेत, ड्राइव्ह लावायचा डॉक आहे आणि स्क्रू ठेवायला सासूबाईंचा जुना मसाल्याचा डबा आहे. २००८ साली मी डीटीपीच्या कामाला लागले. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, पतसंस्थांचे अहवाल. मशीन सारखं हँग व्हायचं आणि दुरुस्तीवाला तीन-तीन दिवस यायचा नाही, म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. पुढे पत्रिकांचं काम कमी झालं आणि मशीन दुरुस्तीचं वाढलं. गेली दहा-अकरा वर्षं घर त्यावर चालतं. बाजारात गाळा घेतला असता आणि तिथल्या खुर्चीत बसून हाच लेख लिहिला असता, तर ‘दुकानबसल्या’ असं तुम्ही लिहिलं असतंत का? मला वाटत नाही. पुरुषाने लिहिलेल्या लेखाखाली ‘दादा, घरबसल्या’ असं मी आजवर वाचलेलं नाही. ताई म्हणायला माझी हरकत नाही. ताई म्हणून लगेच गप्प बसवायला आहे.

दुसरा आरोप स्पेसिफिकेशन वाचण्याचा. वाचते, आणि वाचलीच पाहिजेत. सूट किती हे विकणारा ओरडून सांगतो आणि आत काय आहे ते कंपनी बारीक अक्षरांत लिहिते. आपण ओरडण्यावर विश्वास ठेवायचा आणि लिहिलेलं वाचायचं नाही, याला मी व्यवहार म्हणणार नाही. एकाच कंपनीची दोन मॉडेलं घ्या. सॅमसंगची ८७० इव्हो आणि ८७० क्यूव्हीओ, दोन्ही एकाच जोडणीच्या (साटा), दोन्ही अडीच इंची. १ टीबीच्या इव्होला कंपनी ५ वर्षं किंवा ६०० टीबीडब्ल्यू, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत वॉरंटी देते. क्यूव्हीओला ३ वर्षं किंवा ३६०. इव्होच्या एका सेलमध्ये (सेल म्हणजे इथे चिपमधला साठवणीचा कप्पा, सवलतीचा सेल नव्हे) ३ बिट साठवतात म्हणून ती टीएलसी. क्यूव्हीओच्या सेलमध्ये ४ बिट कोंबतात, म्हणून क्यूएलसी. स्वतःच्याच मालावर कंपनी दोन वेगळे शब्द देते, याचा अर्थ तिला त्यातला फरक माहीत आहे. टीबीडब्ल्यू मी लेखात दिलं ते याच कारणासाठी. तो आकडा संपला की ड्राइव्ह बंद पडते असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा.

याच क्यूव्हीओच्या माहितीपत्रकात आणखी एक ओळ आहे आणि ती सेलच्या पानावर मला कधी दिसली नाही. ड्राइव्ह आलेलं लिखाण आधी एका वेगवान पट्ट्यात घेते, त्याला कॅशे म्हणायचं. १ टीबीच्या मॉडेलला तो जास्तीत जास्त ४२ जीबी. तो भरला की लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबी. हे कंपनीने स्वतः छापलंय, मी घरबसल्या शोधलेलं नाही. आणि ही बऱ्या कंपनीची गोष्ट झाली. सेलमधल्या ज्या ड्राइव्हच्या खोक्यावर ‘५५० पर्यंत’ एवढंच असतं आणि कॅशेचं, आतल्या सेलच्या प्रकाराचं नावही नसतं, तिथे तर अंदाजच करावा लागतो.

हे मी माझ्या टेबलावर पाहिलंय. गेल्या लग्नसराईत एक व्हिडिओ शूटिंगवाला मुलगा नवीकोरी १ टीबीची ड्राइव्ह घेऊन आला. सेलमध्ये ६८ टक्के सुटीत घेतलेली, कंपनीचं नाव सांगत नाही. तक्रार एकच, “मॅडम, कॉपी मध्येच मरते.” दोन दिवसांच्या लग्नाचं २६० जीबी शूट होतं. माझ्यासमोर लावलं. पहिले चाळीसेक जीबी झरझर गेले, ४५० च्या आसपास. मग आकडा उतरायला लागला आणि ७० वर येऊन बसला तो बसलाच. राहिलेल्या २२० जीबीला पाऊण तासाहून जास्त वेळ गेला. तेच शूट माझ्या टेबलावरच्या जुन्या हार्ड डिस्कवर टाकलं, ती ११०-१२० वर शेवटपर्यंत एका चालीने चालली. हार्ड डिस्क, जिला आपण सगळे म्हातारी म्हणतो. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी पाटणला दुसरं लग्न होतं, कार्डं रिकामी करून हवी होती. तो खुर्चीवर बसून सारखा घड्याळ बघत होता. ड्राइव्ह खराब नव्हती. कॅशे संपला की ती तशीच चालणार, आणि हे त्याला विकताना कुणी सांगितलं नव्हतं. रिटर्नची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती.

आणि तुमचा ५२०. त्या मुलाच्या ड्राइव्हलाही मी तशीच वेग मोजायची टेस्ट लावली, क्रिस्टलडिस्कमार्क नावाच्या सॉफ्टवेअरची. आकडा आला ५१०. टेस्ट उघडून नुसतं बटण दाबलं तर ती १ जीबीची फाइल लिहून वेग मोजते. ४० जीबीच्या कॅशेत १ जीबी म्हणजे हौदात तांब्या. तो आकडा तुमच्या ड्राइव्हचा नाही, तिच्या कॅशेचा आहे. शिवाय बऱ्याच स्वस्त ड्राइव्हमध्ये कॅशे रिकाम्या जागेतूनच घेतलेला असतो. ड्राइव्ह ऐंशी टक्के भरली की कॅशे आक्रसतो आणि नव्या ड्राइव्हला जे चाळीस जीबीपर्यंत जमत होतं ते आठ-दहावर अडतं. तीन वर्षांनी तुमची किती भरलीय ते तुम्ही लिहिलेलं नाहीत.

काही जण म्हणतील, मग चांगल्या नावाची घ्यावी आणि जुने रिव्ह्यू बघावेत. तेवढ्यानेही भागत नाही. २०२१ साली क्रूशियलच्या पी२ मध्ये टीएलसीच्या जागी क्यूएलसी आली, मॉडेलचं नाव तेच राहिलं. त्याच वर्षी डब्ल्यूडीच्या ब्लू एसएन५५० मधली फ्लॅश, म्हणजे साठवणीची चिप, बदलली आणि कॅशे संपल्यावरचा वेग ६१० च्या आसपास होता तो ३९० वर आला. नाव तेच, खोकं तेच. आधी घेतलेल्याने चांगलं लिहून ठेवलेलं, नंतर घेतलेल्याच्या हातात दुसरीच ड्राइव्ह. म्हणून मी लेखात लिहिलं की रिव्ह्यूची तारीख बघा आणि घेतल्या दिवशी, रिटर्नची मुदत संपायच्या आत, मोठी फाइल लिहून बघा. यात घाबरवण्यासारखं काय आहे? दूधवाल्याकडून दूध घेताना आपण भांड्यात बघतोच की.

तुमचे बाकीचे मुद्दे थोडक्यात. १६ वर्षांचं गणित बरोबर आहे. पण ड्राइव्ह आतले सेल झिजून क्वचित मरते, कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) किंवा फर्मवेअर (तिच्यातलं सॉफ्टवेअर) गेलं तर एका सकाळी डिटेक्टच होत नाही, आणि हार्ड डिस्क मरण्याआधी जशी खडखड करते तशी पूर्वसूचनाही देत नाही. तिथे भागाकार कामाचा नाही. तुमची एक ड्राइव्ह ३ वर्षं चालली याचा आनंद आहे. एका ड्राइव्हवरून मी काही ठरवत नाही.

विद्यार्थ्याबद्दल. गरीब विद्यार्थ्याला पुढे उभं केलं की समोरच्याला बोलायला जागा उरत नाही, हे मला कळतं. माझा लेख सेलमध्ये ड्राइव्ह घेणाऱ्या सगळ्यांसाठी होता. विद्यार्थ्यांनी काय घ्यावं हा वेगळा विषय आहे, त्यावर सवडीने लिहीन.

किमतीतल्या सुटीबद्दल मात्र तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि लेखाचा गाभा तोच होता. त्या मुलाच्या खोक्यावर एमआरपी ९,९९९ छापलेली होती, त्याने ३,१९९ ला घेतली. ६८ टक्के सूट हिशेबाने खरीच. पण ९,९९९ ला ती ड्राइव्ह कुणी कधी घेतली होती? मी एक वही ठेवते. दर पंधरा दिवसांनी पाच-सहा ड्राइव्हच्या किमती लिहिते. शंभर पानी, दुसरी वही चालू आहे. त्या वहीत हीच ड्राइव्ह सेलच्या तीन महिने आधी ३,३५० ला आहे. म्हणजे सूट दीडशे रुपयांची, पाच टक्क्यांच्या आतली. फ्लॅशच्या किमती मुळातच खालीवर होतात. २०२३ मध्ये मागणी पडली तशा त्या खूप उतरल्या, मग मोठ्या कंपन्यांनी उत्पादन कमी केलं आणि पुन्हा चढल्या. बाजार उतरलेला असताना छापील एमआरपी तशीच राहिली की टक्का आपोआप फुगतो. आपल्याला वाटतं दुकानदार उदार झाला.

खोक्यावरचं स्टिकर बघा असंही मी लिहिलं होतं. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असायलाच लागते, तो नियम आहे. माझ्याकडे एकदा स्टिकरच नसलेली ड्राइव्ह आली होती, चौदा महिन्यांत गेलेली. वॉरंटीला सीरियल नंबर टाकला तर ‘या देशात विकलेली नाही’ असं उत्तर. गिऱ्हाईक निवृत्त शिक्षक होते, त्यांच्या शाळेच्या शंभर वर्षांच्या स्मरणिकेचे स्कॅन त्यात होते. त्यातले थोडेच एका जुन्या पेनड्राइव्हवर मिळाले. सरांनी मला विचारलं, “पण बाई, ५ वर्षांची वॉरंटी लिहिलेली होती ना?” मला उत्तर देता आलं नाही. मी लेख लिहायला बसले ते त्या संध्याकाळी. लोकांना घाबरवायला बसले नव्हते.

तुम्हाला खरंच माझं चुकलंय असं वाटत असेल तर एक करा. तुमच्या ड्राइव्हवर जेवढी जागा मोकळी आहे तेवढ्यात बसेल अशी मोठ्यात मोठी फाइल दुसऱ्या एसएसडीवरून कॉपी करा, शंभर जीबीच्या वर असेल तर उत्तम. विंडोज कॉपी करताना वेगाचा आलेख दाखवतं, ‘अधिक तपशील’ दाबलं की दिसतो. तो पूर्ण उतरेपर्यंत थांबा आणि फोटो काढून इथेच टाका. आलेख शेवटपर्यंत सपाट आला तर मी तो लेखात वरच लावीन, तुमच्या नावानिशी. त्यासाठी नाव मात्र लिहावं लागेल.